सभासद क्रमांक एकशे बारा

२ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची! वाचनालयातला कुमारांचा कोपरा आता माझ्या ताब्यात. दोन खिडक्या, सहा बाकं, एक कुरकुरणारी खुर्ची आणि रहस्यकथांचं भलंमोठं कपाट. इथली एक पद्धत फार आवडली. पुस्तक आवडलं की मुलं कार्डावर शिफारस लिहितात, नावाऐवजी सभासद क्रमांक टाकतात आणि कार्ड कपाटाच्या दाराला टाचतात. तिथे मोठ्यांनी एक अक्षरही लिहायचं नाही, असं मुख्य ग्रंथपाल, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी बजावलंय. एक मुलगी भिंतीला पाठ टेकल्याशिवाय थरारकथा उघडतच नाही. तिला मी ‘भित्री’ म्हणते. तिला ते चक्क आवडलं.

५, गुरुवार
चार दिवसांत दोनच कार्डं, त्यातल्या एकावर नुसतं ‘भारी’. मोठ्या बाईंना काय तोंड दाखवू? शेवटी जेवणाच्या सुट्टीत अक्षर बदलून मीच एक लिहिलं: ‘तिसऱ्या प्रकरणापासून मी पाय वर घेऊन बसले. वाचाच!’ नंबर हवा होता. एकशे बारावर दोन वर्षांत एकही पुस्तक गेलेलं नव्हतं, तोच टाकला. म्हटलं, कोणाला पत्ता लागतोय! संध्याकाळी त्या पुस्तकावरून दोघींची जुंपली.

९, सोमवार
एकशे बाराची चार कार्डं झाली. तिची निवड कधी चुकत नाही, असं भित्री घरीदारी सांगत सुटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर.
दुपारी तिच्या शेजारच्या काकू आल्या. कार्डावरच्या नंबरावरून बोट फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. हा माझ्या मुलीचा नंबर, म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी ती इथून घरी निघाली, ती पोचलीच नाही. ती कधी येते, असं त्यांनी विचारलं.
तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, दुपारी येऊन जाते, माझी गाठ पडत नाही.
जीभ झडली का नाही माझी!

१२, गुरुवार
काकू रोज येतात. कोणाला सांगत नाहीत, पोरगी बुजेल म्हणून. आज त्यांनीच एक कार्ड टाचलं: ‘बाळा, घरी ये. कोणी रागावणार नाही.’ मी सांगणार होते, देवाशपथ. त्याऐवजी खाली लिहिलं: ‘मंगळवारी येते.’ त्यांचं रडू थांबावं म्हणून. खोटं. माझी नोकरी वाचावी म्हणून.

१४, शनिवार
नवं कार्ड. अक्षर माझं, रोजचं. पण मी लिहिलेलं नाही.
‘मला येता येत नाही. येते म्हणून का सांगितलंत?’
भित्रीला दाखवलं. ती हसली. म्हणाली, ताई, हे तुमचंच अक्षर.

१६, सोमवार
सगळी कार्डं फाडली. जेवून आले तर पुन्हा तिथेच. एक जास्त.
काकूंनी मुलीची गादी उन्हात घातलीय, खोलीला रंग दिलाय. आज सांगायचंच म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी माझे हात धरले. तुमच्यामुळे, म्हणाल्या. मी काय पाप करून बसले —

१७, मंगळवार, दुपार
काकू घरी थांबल्यात, दार सताड उघडं ठेवून. इथे कोणी नाही. भित्रीसुद्धा नाही —
आहे कोणीतरी. कपाटाशी एक मुलगी. पाठमोरी.
मी तिला सांगितलं, चुकले, सगळं मीच लिहिलं. माहीत आहे, म्हणाली. मग म्हणाली, आई वाट बघतेय. कोणीतरी जायलाच हवं ना.
तिनं दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलं. लहान मुलीचं. पट्टा मला पुरायचा नाही — पुरला. अगदी बरोबर —
काकूंचं घर मी कधी पाहिलेलं नाही. पण रस्ता पाठ आहे. दुसऱ्या वळणाला डावीकडे, तीन पायऱ्या, मग आईच्या