नानांना बारा दिवस कोण ठेवणार

११ फेब्रुवारी, बुधवार
यज्ञेश हो म्हणाला! फोनवर, एका दमात — "ताई, तू जा गं बिनधास्त. नानांना बारा दिवस मी ठेवतो." मी दोनदा विचारलं. दोनदा हो.

धाकटा भाऊ आहे, पण खरं ते खरं. आई गेल्यापासून त्याने वडिलांना सलग दोन दिवसांच्या वर ठेवलेलं नाही. पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट, मुलगा बंगलोरला, घरात नवरा-बायको दोघंच. तरी नाना कायम माझ्याकडे, भिसेगावात. कारण मी बिनलग्नाची. बिनलग्नाच्या बाईला काय काम असतं?

तर मे महिना. जपानचा उत्तर भाग, आओमोरी. चेरीची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि सफरचंदाच्या बागा फुलतात. वर डोंगरावर अजून बर्फ, खाली पांढरी फुलं. हवा बारा-पंधरा अंश. तेहतीस वर्षं पोरांना समशीतोष्ण कटिबंध शिकवला आणि स्वतः गोव्याच्या पलीकडे गेले नाही. आता जाणार.

१४ फेब्रुवारी
नानांना सांगितलं. सत्याऐंशी वय, पण कान तिखट. "बारा दिवस मेल्याचे असतात," म्हणाले आणि पेपर उघडला. जरा वेळाने पेपराच्या आडूनच — "जा, जा. जग बघून घे." मला भरूनच आलं.

३ मार्च
तिकीट काढलं. ९ मेला मुंबईहून, २१ला परत. तिथल्या एका गावात स्टेशनपासून बागांपर्यंत सायकल भाड्याने मिळते. पण मला अजून येते का? शेजारच्या समिधाच्या मुलीची सायकल घेऊन गल्लीत दोन चकरा मारल्या. समिधा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

येते!

१० मार्च
यज्ञेशचा फोन. अंतराच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं मे महिन्यात निघालंय. अंतरा म्हणजे त्याची बायको. "बघू या कसं जमतं, ताई." मोतीबिंदू! सकाळी जायचं, दुपारी घरी. म्हटलं, एप्रिलमध्ये उरका. तर म्हणे विचारतो.

नाना म्हणाले, "त्याचीही अडचण असते गं." त्याची अडचण असते. माझं काय असतं मग, हौस?

१९ मार्च, पाडवा
मोतीबिंदू एप्रिलात. यज्ञेश पुन्हा हो. गुढीला साखरेची गाठी घालताना हात हलका वाटत होता.

नवं पंचांग आलं. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, पण गावात मान तो पंचांगाचा. माझी तारीख काढून बघितली आणि कपाळाला आठ्या. शनिवार! शनिवारी पूर्वेला दिशाशूल, त्या दिशेला निघायचं नाही. जपान तर पूर्वेच्याही पूर्वेला. मी म्हटलं, नाना, विमान कंपनीला कळवू का? हसले नाहीत. "प्रस्थान ठेवू," म्हणाले.

हा त्यांचा हातखंडा. निघायचा दिवस वाईट असला की आधी चांगल्या दिवशी एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि आपण बरोबर नेणार अशी एखादी वस्तू. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, निघताना फक्त ते उचलायचं. या आळीतली निम्मी पोरं अमेरिकेला गेली ती नानांच्या सुपारीवर. मी भूगोलाची बाई, माझा विश्वास नाही. पण माझ्यासाठी कुणी कधी प्रस्थान ठेवलं नव्हतं. छान वाटलं.

९ एप्रिल
व्हिसा मिळाला. दुपारी पासपोर्ट उशाशी घेऊन झोपले.

१८ एप्रिल
आता लिफ्ट! यज्ञेशच्या सोसायटीची लिफ्ट मे महिनाभर बंद राहणार म्हणे, नाना तिसऱ्या मजल्यावर चढणार कसे. म्हटलं, खुर्चीत बसवून दोघांनी उचला. म्हणाला, "नानांना काही झालं तर, ताई?" मग मात्र माझा तोल गेला. आईला शेवटचे अकरा महिने मी एकटी उचलत होते, तेव्हा तुझी लिफ्ट कुठे होती? असं म्हटलं. गप्प बसला. त्याचं गप्प बसणंही मला खपत नाही. भांडायची पण तसदी घेत नाही मेला.

घरी कुणा बाईला ठेवून जावं तर नाना परक्या बाईच्या हातून अंघोळ करून घेत नाहीत. पाणीही घेत नाहीत. सगळं माझ्याच हातून.

२१ एप्रिल
नानांना डॉक्टरकडे जाते सांगून चौक गावाला गेले. हायवेपासून जरा आत एक घर आहे, म्हाताऱ्यांना आठ-पंधरा दिवसही ठेवून घेतात. स्वच्छ आहे. माणसंही बरी. तिथली सोनाबाई म्हणाली, "ठेवा की ताई, हितं काय कमी नाय. पन पयले आठ दिस समदेच रडतात." बारातले आठ. उरले चार. परत आले. नानांना आंघोळीचं पाणी काढून दिलं आणि माझं मलाच तोंड दाखवायला नको वाटलं.

२८ एप्रिल
लिफ्टचं काम जूनवर गेलं. यज्ञेश पुन्हा हो! हा माणूस आहे की घड्याळाचा लंबक? बेचाळीस अंश, सकाळपासून वीज नाही, आणि मी पंख्याखाली नसलेल्या वाऱ्यात बसून गरम मोज्यांच्या घड्या घालत्येय.

६ मे, बुधवार
आज प्रस्थान. नानांनी सकाळी लवकर अंघोळ केली, सोवळं नेसले. बरोबर नेण्याची वस्तू म्हणून मी आईची लोकरीची शाल दिली. मी चहा टाकेपर्यंत त्यांनी गाठोडं स्वतः बांधून ठेवलं होतं, दोन गाठी मारून. दहा वीसला समिधाकडे नेऊन ठेवलं. नाना काठी टेकत फाटकापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवला त्यांनी, बराच वेळ ठेवला.

७ मे, सकाळी
संपलं. यज्ञेशचा फोन. "ताई, नाही गं जमत." या वेळी कारणसुद्धा दिलं नाही. परवा विमान आहे! मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. शेवटचं तेवढं लिहिते, आजपासून मला भाऊ नाही, असं म्हटलं. फोनवर मागे अंतरा रडत होती.

नाना ओट्यापाशी आले. "राहिलं ना? बरं. मग उद्या फणसाची भाजी कर, बरेच दिवसांत झाली नाही."

७ मे, संध्याकाळी
समिधाकडून गाठोडं परत आणायला गेले. तिने ते हातात दिलं. घरी येऊन पलंगावर सोडलं. शाल. झटकली. शालच. सुपारी नाही, हळकुंड नाही, अक्षतांचा एक दाणा नाही.

नाना विसरलेले नाहीत. हा माणूस गोळ्या विसरेल, माझं नाव विसरेल, पण प्रस्थानाची सुपारी तीनदा चाचपून बघतो. एकदा हळकुंड राहिलं म्हणून भर उन्हात कर्जत स्टेशनवर धावत गेले होते. नाना माणसाशी खोटं बोलतील, देवाच्या सुपारीशी नाही. मी जाणार नाही हे त्यांना बुधवारीच ठाऊक होतं. यज्ञेशने नाही म्हणण्याच्या आदल्या दिवशी!

गच्चीवर जाऊन यज्ञेशला फोन लावला. एवढंच विचारलं, नाना तुला फोन करतात का? म्हणाला, "ताई, शपथ घातलीय गं त्यांनी मला."

मी हो वदवून घ्यायचे, की काही दिवसांनी नानांचा फोन जायचा. "जमत नाही म्हणून सांग, माझं नाव काढू नकोस." "तिला एकदा फिरण्याची चटक लागली की माझं कोण करणार?" मोतीबिंदू खोटा, लिफ्ट खोटी. अंतराने फेब्रुवारीतच खोली रंगवून ठेवली होती, बाथरूमला दांडे बसवले होते.

मी म्हटलं, तुलाही ते सोयीचंच होतं. तो म्हणाला, "हो." निदान तेवढं खरं बोलला. मग आम्ही तासभर बोललो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकं.

खाली आले तर नाना विचारतात, फणस कापून ठेवलास का. ठेवते म्हटलं.

८ मे, शुक्रवार
यज्ञेश गाडी घेऊन आला. फणसाची भाजी जेवून नाना कुरकुरत गाडीत बसले. बारा दिवसांचे कपडे, गोळ्या, पंचांग भरून दिलं. बारा दिवसांनी त्यांना परत आणायचं नाही, असं आमचं ठरलंय. हे नानांना सांगू नकोस, असं मीच यज्ञेशला सांगितलं.