गोदामातला कोबा

आबा, तुम्ही घातलेला कोबा मी फोडला. अंबडच्या रस्त्यावरच्या दगडी गोदामातला, ज्याच्यावर तुम्ही कुणाला चपलेचा पाय ठेवू देत नव्हता तो. गोदामाची आता मुलींची अभ्यासिका झालीय. घरातली पहिली पदवीधर, त्यात सिव्हिल इंजिनिअर, म्हणून गावाने ते काम माझ्यावर सोपवलं. पण पावसाळ्यात भिंती कमरेपर्यंत भिजल्या, क्षाराचा पांढरा लोणा फुटला, सतरंज्या बुरसटल्या. थंडीत गार जमिनीवर बसून मुली खोकू लागल्या आणि घरचे त्यांना पाठवेनात. तुमचा सिमेंटचा कोबा गच्च होता. जमिनीतल्या ओलीला त्यातून वाट मिळेना, म्हणून ती भिंतीत शिरून वर चढत होती. वरून टाईल्स बसवून भागणार नव्हतं.

हे सांगितलं तर काका कोब्याच्या मधोमध जाऊन बसले. "माह्या भावाच्या हातचं काम हाय. आधी माहं डोस्कं फोड, मंग कोबा."

"काका, उठा. पोरी आजारी पडून राह्यल्यात."

"शिकली म्हणून बापाच्या छातीवर घण घालती का?" काकांनी घण ओढला, मी सोडला नाही. झटापटीत दांडा माझ्या हनुवटीवर बसला आणि रक्त खाली सांडलं.

तिथं आधीही सांडलं होतं, आबा. मी लहान आहे, तुमची भाकरी घेऊन आत पळत आलेय, कोबा ओला आहे हे मला कळलेलं नाही. पाऊल उमटतं. तुम्ही मला केसांना धरून उचलता आणि कोबा ठोकायच्या लाकडी थापीनं पाठीवर मारत राहता. आई मध्ये पडते तर थापी तिच्या तोंडावर बसते, पुढचा दात तुटतो. तुम्ही धावत जाऊन फडकं आणता. मला वाटतं, आईसाठी. तुम्ही कोब्यावरचं रक्त टिपता आणि माझं पाऊल घोटून टाकता. संध्याकाळी लोक बघायला येतात, म्हणतात, काय आरसा केलाय!

परवा काकांशी झटापट झाली तेव्हा आई दारातच उभी होती. त्याच फटीच्या तोंडानं म्हणाली, "सरका भावजी. त्यांनी मारलं तव्हा न्हाई आलात मधी. आता कशाला?"

काका उठले. मी घण घातला. हाताची सालं निघेपर्यंत घातला. प्रत्येक तुकड्याखाली भिजलेली काळी माती होती, कुबट वासाची. आता तिथं खडी भरलीय, वर चुन्यात कालवलेले विटांचे तुकडे, म्हणजे ओलीला वाट राहील आणि गारठा वर येणार नाही. वर फरशी बसेल, मुली बसतील.

सगळ्यांना मी ओलीचं कारण सांगितलं. ते खरंच आहे. पण बाहेरच्या ओट्यावरचाही कोबा तुमचाच होता. तो उंचावर होता, ठणठणीत कोरडा. आई घरी गेल्यावर मी तोही फोडला.