रोहण्यातली एक मिनिट शांतता

१२ नोव्हेंबर १९९८, रोहणा

हे हेडफोन चार हजारांना पडले, असं दुकानदार म्हणेल. खरा हिशेब वेगळा आहे: नऊ लग्नसराया मांडवाच्या खांबांना कर्णे बांधणं, दोनदा शिडीवरून पडणं, आणि आमच्या बायकोचं, रीताचं, लोखंडी कपाट, जे पाच वर्षं 'पुढच्या सालात' येतच राहिलं. म्हणून आज ते कानावर चढवताना छाती फुगली. सिंदी मेघेचा भोंगेवाला सिनेमात! कंपनीचा ध्वनिमुद्रक आईच्या दुखण्यापायी पुण्याला परतला आणि दिग्दर्शक योगेंद्रसाहेबांनी मला बोलावणं धाडलं.

सिनेमा १९१८ सालचा. मानमोडीच्या, म्हणजे त्या सालच्या इन्फ्लुएंझाच्या, साथीत सापडलेलं कापसाचं गाव. गावाबाहेरच्या, कापसातली सरकी काढायच्या बंद जिनिंगमध्ये शूटिंग आहे. धोतरं, पगड्या, छकडे, कंदील, सगळं त्या काळचं. विजेचे खांब तेवढे पोत्यांनी झाकलेत. माझी नऊ वर्षांची आचल तापानं फणफणलेली पोर झालीय. मीच तिला चिकटवून दिली. चहावाल्या मंदाबाई म्हणाल्या, भैय्याजी, पोरगी हिरोइन झाली, आता आम्हाले ओळख देता का नाई?

१३ नोव्हेंबर

या धंद्यातली एक रीत मला फार आवडली. एखाद्या जागेचं काम संपलं की तिथली शांतता टेपवर घ्यायची. पूर्ण एक मिनिट. पुढे संवादांमधल्या फटी त्याच शांततेनं बुजवतात. चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी, आणि हात वर केलेला मी राजा! सगळ्यांना बजावून ठेवलंय, माझ्या कानांतून काही सुटत नाही. आज लाइटवाल्या प्रेमदासच्या तोंडातली सुपारी वीस फुटांवरून पकडली. तो म्हणे, भैय्याजी, तुमच्या घरी चोर कसा शिरत असंन जी?

१४ नोव्हेंबर

दुपारी कापसाच्या गोदामातली शांतता घेतली. मध्येच लाकडावर नखं ओढल्याचा आवाज. उंदीर असेल म्हणून पुन्हा घेतली. पुन्हा तेच, आणि मागोमाग पोरीचा खोकला. आचलला रागावलो. ती फुरंगटून म्हणाली, मी तर बाहेर मंदाबाईजवळ शेंगा खाऊन राह्यली होती. मंदाबाईंनीही मान डोलावली. योगेंद्रसाहेबांना टेप ऐकवली. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, साहेब, त्याला कान कमवावे लागतात.

१५ नोव्हेंबर

आज पुन्हा गोदाम. सगळे गप्प. हेडफोनमध्ये अगदी कानाशी हाक आली: बाबा.

मी ओ दिली. चांगली खणखणीत. काय गं बेटा!

हसून हसून माणसांची धोतरं सुटायची वेळ आली. शांतता मोडणारा मीच. आचल मात्र समोर ओठ मिटून उभी होती.

चौकीदार बापूराव हसले नाहीत. बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, तुमी कोणाले ओ देल्ली? मग सांगितलं. मानमोडीत बिमार माणसं याच गोदामात ठेवत. एका हमालानं आपली पोरगी आत ठेवली, बाहेरून कडी लावली आणि गाव सोडलं. ती हाका मारत राहिली, कुणी ओ दिली नाही. म्हणून इथं पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. जो ओ देईल तो तिचा बाप. मग त्याला दुसऱ्या कुणाची हाक पोचत नाही, पोटच्या लेकराचीही नाही.

मी त्यांना विडी दिली. म्हटलं, बापूराव, तुमचा सिनेमा आमच्यापेक्षा भारी.

१७ नोव्हेंबर

कंपनीचे लोक हल्ली पुटपुटतात. साहेबांना दोनदा म्हटलं, जरा मोठ्यानं बोला. प्रेमदास काहीतरी विनोद करून गेला, बाकीचे हसले. तोंडं उघडलेली दिसली तेवढीच.

यंत्र तपासलं. ठीक आहे. आवाजाचा काटा हलतो. काटा हलतो आणि मला ऐकू येत नाही.

एकच आवाज येतो. पाणी मागतो. हेडफोन काढले तरी.

१८ नोव्हेंबर

आचलनं बाही ओढली. रडत होती. वहीत लिहिलं: बाबा मी केव्हाच्या हाका मारून राह्यली, तुम्ही काऊन पाहत नाही.

तिला उचलून घेतली. छातीशी तिचं हुंदकणं कळत होतं — आवाज नाही. उद्या दुपारच्या एसटीनं घरी. साहेबांनी हात जोडले, वहीत लिहिलं, एकच शॉट उरलाय, पोरगी गोदामात आणि दाराला बाहेरून कुलूप. मी नाही म्हटलं. काय उत्तर दिलं त्यांनी, कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, दुपार

सामान बांधत होतो. पाठ वळली तेवढ्यात तिला नेली. मी नाही म्हटलं होतं — शॉट घेऊन सगळे नदीवर गेले. जो तो समजला, पोरगी बापाजवळ आहे. मंदाबाईंनी खुणेनं दाखवलं, गोदाम. दाराला कुलूप. चावी प्रेमदासकडे. बापूरावांना याच वहीचं पान देऊन नदीवर धाडलंय. मंदाबाई कुलूप तोडायला सब्बल शोधायला धावल्या.

तळवा दारावर टेकलाय. आतून धक्के बसताहेत. लहान मुठींचे. तीच आहे — माझी आचल आहे. मी ओरडतोय, आलो गं — माझा मलाही आवाज —

हाक येतेय. आतून नाही. माझ्या मागून. ऐकू येतेय, म्हणजे आचलची नाही. बाबा, चला ना घरी —

मागं बघणार नाही. हात काढणार नाही.

कुणीतरी सदरा धरलाय. गार —

धक्के हळू झालेत. दोन. एक.

थांबले.

ती आत हाक मारतेय की नाही, मला ऐकू येत ना—