तीनशे फॉर्म आणि कडकबाई

३ मार्च, मंगळवार

चाळीस झाले! राहिले दोनशे साठ. तेवढे जमल्याशिवाय माझ्या प्रबंधावर सही नाही, असं मॅडमनी बजावलंय. विषय भारदस्त — विद्यार्थ्यांची भावनिक समज, तग धरण्याची ताकद आणि अभ्यासातलं लक्ष. मला हातात गठ्ठा घेऊन येताना पाहिलं की विद्यार्थी जिना बदलतात. तग मीच धरून आहे.

मॅडमनी सरावासाठी मलाही फॉर्म भरायला लावला. दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस! 'दुसऱ्याच्या मनातलं ओळखणे' या भागात तर पैकीच्या पैकी. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्या मनातलं कधी ओळखणार? फोन करत जा."

५ मार्च

आज कडकबाईला धरलं. कडकबाई म्हणजे हॉस्टेलवरची माझ्या खोलीतली जोडीदार. रसायनशास्त्राची. प्रयोगशाळेतल्या एप्रनलाही रोज इस्त्री करते म्हणून हे नाव. तिने दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि तीसच्या तीस प्रश्नांना पाच, म्हणजे 'अगदी खरं'! आता यात मधेमधे उलटे प्रश्न पेरलेले असतात, न वाचता खुणा करणारे पकडायला. 'मी आनंदात असते' — पाच. 'मला उगाच रडू येतं' — पाच. सापडली!

"अगं, वाचून तरी भरायचा!"

"वाचूनच भरलाय. दोन्ही होतं."

हसून हसून पुरेवाट झाली. नियम म्हणजे नियम — सगळीकडे एकच आकडा असला की फॉर्म रद्द. पुढे बघायचंही नाही. टाकला रद्दच्या गठ्ठ्यात.

६ मार्च

कडकबाईने विचारलं, "संपले का गं फॉर्म?" तिला टेबल हवं असणार. सगळं टेबल मीच अडवलंय.

९ मार्च, सोमवार

दोनशे दहा. ग्रंथालयाच्या दारातच ठाण मांडलं. सुटतात कुठे!

पेन विसरलं म्हणून दुपारी खोलीवर आले, तर कडकबाई बूट घालून पलंगाच्या कडेला. सकाळी नऊला मी निघाले तेव्हाही ती अशीच बसली होती. "स्वारी कुठे?" म्हटलं. म्हणाली, "निघतेच आहे." खिळ्यावर एप्रन टांगलेलं, आठवडाभरात इस्त्रीची एक घडी मोडलेली नाही. काय हा टापटीपपणा! माझ्या एकाही ओढणीला हे भाग्य नाही.

मी दाराशी पोचले तोवर परत तेच — "फॉर्म संपले का?" देईन बाई टेबल, देईन!

११ मार्च

कडकबाईच्या आईचा फोन. मला! "ती फोनच घेत नाही गं. ठीक आहे ना?"

"काकू, एकदम मजेत आहे! अभ्यासात असते हो." काकूंचा जीव भांड्यात पडला. माझ्या आवाजात काय दिलासा होता! प्रबंध झाला की समुपदेशन करायला हरकत नाही.

१२ मार्च

तीनशे!!! नाचतच मॅडमकडे गेले. मॅडमनी रद्दचा गठ्ठा पाहिला आणि म्हणाल्या, "एवढे बाद? अजून पन्नास आण."

खोलीवर येऊन धाडकन बसले. "अजून पन्नास गं!" कडकबाई टॉवेलची घडी घालत होती. "बरं," म्हणाली. इथे माझं डोकं फुटायची वेळ आली आणि हिचं बरं!

१३ मार्च

तिचा पलंग रिकामा. गादी गुंडाळलेली. एप्रन मात्र खिळ्यावरच.

रेक्टरबाई म्हणाल्या, "पहाटेच गावी गेली. नाव काढायचा अर्ज दिलाय. सोमवारी वर पाठवणार मी. तीन आठवडे प्रयोगशाळेत पाऊल नव्हतं तिचं. तुला ठाऊक नाही? एका खोलीत राहता ना!"

राग आला. रेक्टरबाईंचा, मग तिचा. एका शब्दाने सांगू नये? मी काय परकी होते? तिचा फोन बंद आहे. काकूंना मी 'मजेत' सांगितलंय. आता कोणत्या तोंडाने फोन करू?

१४ मार्च, शनिवार

सकाळी रद्दचा गठ्ठा सोडला आणि तिचा फॉर्म काढला. आज पहिल्यांदा वाचला. प्रश्न तिसावा : 'अडचण आली तर मन मोकळं करायला मला कुणीतरी आहे.' पाच. समोर तिच्या बारीक, नीट अक्षरात —

'आहे. खोलीतच. तिचे फॉर्म संपले की बोलेन.'

काकूंकडून पत्ता घेतला. मॅडमना कळवलं, पन्नास आणणार नाही. दहाच्या गाडीने निघते. तिला सांगायचंय, फॉर्म संपले.