दिवाणखान्याचा ठराव आणि माझं विरुद्ध मत

मी, बद्रीनाथ मुंजाबा टाकळीकर, वकील, राहणार गुलमंडी, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कोर्टाची भाषा उर्दू आहे, पण मरायचं मला आहे, म्हणून मराठीत. 'दबावाशिवाय' हा शब्द वाचून दाखवल्यावर पत्नी वच्छलाबाई हसली, हेही नमूद करतो.

कलम एक. राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते पत्नीच्या मालकीचं व्हावं, फक्त रस्त्याकडचा दिवाणखाना वगळून. भांडण त्याचंच झालं.

कलम दोन. तो दिवाणखाना मला आमच्या नागरिक सभेला द्यायचा होता. निजामाच्या या राज्यात लोकांना जबाबदार असं सरकार यावं, माणसाला बोलायची मोकळीक असावी, एवढ्यासाठी आम्ही हा पक्ष काढला. उघड बैठकीला परवाना लागतो, म्हणून आम्ही चहाला जमतो. पक्षाची घटना मीच लिहिली. उदारमतवाद डोक्यात भिनलेला, झोकात लिहून टाकलं, "प्रत्येक सज्ञान सभासदाला, स्त्री असो वा पुरुष, एक मत." अध्यक्ष मल्हारराव वा वा म्हणाले. बायका खरंच येतील, असं दोघांच्याही मनात नव्हतं.

मागच्या बैठकीला वच्छलाबाई आली, शेजारची जोहराबी आली, मागोमाग गल्लीतल्या सगळ्याजणी. सगळ्या रीतसर सभासद झालेल्या. त्यांनी ठराव मांडला: दिवाणखान्यात मुलींचा वर्ग भरावा, जोहराबीची मुलगी अजरा हिनं मराठी-उर्दू दोन्ही शिकवावं. मी विरुद्ध हात वर केला आणि सपशेल हरलो.

मल्हारराव माझ्या कानाशी लागले. "काका, घर तुमचं हाय. ह्यांच्या ठरावाला कोण इचारतंय?"

कायद्यानं ते बरोबर होतं. मला मोहही झाला. पण वच्छलाबाईचे कान तिखट. ती म्हणाली, "व्हय की. राज्य बी निजामाचंच हाय म्हणत्यात. मग तुमी हक्क मागायला त्येस्नी अर्ज कशापायी लिवता?"

जोहराबीनं पुस्ती जोडली, "अब बोलो, वकीलसाब!"

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. जन्मभर ज्याची बाजू मांडली ते माझ्याच घरात माझ्याविरुद्ध उभं राहिलं. जिंकलेल्या कोणत्याही दाव्यानं मला एवढा आनंद दिला नाही. सबब, दिवाणखाना कायमचा मुलींच्या वर्गाला.

कलम तीन. मल्हाररावांना माझी खुर्ची. अट एवढीच, की विरुद्ध बाजूचं बोलणं संपेपर्यंत तिच्यावरून उठायचं नाही. आता ते घटनेतून बायकांचा मताचा हक्क काढायचं म्हणतात. खुशाल काढावं, पण त्यावर बायकांचंही मत घ्यावं. फारूख वकिलांना काही नाही; ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं; शिवाय माझी छत्री त्यांनी आधीच नेली आहे.

येणेप्रमाणे हरलेल्या बाजूच्या माणसानं राजीखुशीनं लिहून दिलं.

सही: बद्रीनाथ मुंजाबा टाकळीकर
साक्षीदार: सय्यद फारूख, वकील; आणि मुबारक हिमरूवाले
तारीख: १० बहमन १३४७ फसली (इंग्रजी डिसेंबर १९३७)
ठिकाण: औरंगाबाद, माझ्याच घराच्या मागच्या दाराची पायरी. दिवाणखान्यात वर्ग सुरू झाला आहे. माझ्या मरणाची वाट बघायला कोणी तयार नाही.