केक कशाने कापणार?

पनवेल, शुक्रवार सकाळ

तीर्थरूप काशीरामदादास शशिकलेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची साखर उतरली का? पाताळगंगेचं पाणी यंदा अंगणात शिरलं नाही ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं तर माझी पाचावर धारण बसली आहे (अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, चष्म्यामुळे नाही).

झालं असं, की पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मला वाटलं, दुकानाची पाटी रस्त्यावर आली म्हणून. गेले तर तिथे साहेब, हेडमास्तर, दवाखान्याचे डॉक्टर आणि बालसंरक्षणाच्या सुनितामॅडम. सगळ्या खात्यांनी मिळून तरुण पोरांना खूनमारामाऱ्यांतून वाचवायची समिती, आणि केकवाल्यांतर्फे त्यात मी! हसू नकोस. हल्ली पोरं वाढदिवसाचा केक भर रस्त्यात कोयत्याने कापतात, त्याचं रील टाकतात, मग समोरची टोळी त्याला उत्तर देते आणि डॉक्टर टाके घालत बसतात. या सगळ्याची पहिली खबर लागते ती केकच्या दुकानात. तेव्हा केकवर 'भाई' नाहीतर 'किंग' लिहायला सांगणाऱ्याला मी गोडीत विचारायचं, बाळा, कशाने कापणार, आणि शंका आली की मॅडमना फोन करायचा. पाल दिसली तर स्टुलावर चढणारी मी! तू म्हणशील, "शशे, तुला नाय झेपायचं." मीही तेच म्हणणार होते, पण तोवर चहा आला.

पहिली बैठक हे काम कुणाचं यातच संपली. हेडमास्तर म्हणाले, फाटकाबाहेरचं पोलिसांचं. साहेब म्हणाले, वळण लावणं शाळेचं. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे येतात ते फाटल्यावरच. आणि लगेच पहिली शिकार माझ्याच हातून झाली. एक दाढीवाला आडदांड 'गोदूभाई द किंग' असा केक सांगून गेला. कशाने कापणार विचारलं तर नुसता हसला. मी लगेच मॅडमना फोन केला. संध्याकाळी पोलिसांची गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स आणि स्कूटरवरून हेडमास्तर असा लवाजमा पत्त्यावर धडकला, तर गोदूभाई म्हणजे त्याची पंच्याहत्तरीची आजी! दात नाहीत म्हणून चमच्याने केक कापत होती. तिने साहेबांना भरवला, फोटोत उभं केलं, आणि तेव्हापासून साहेब मला बघितलं की कपाळाला हात लावतात.

पण दादा, सोमवारी आपल्या दीपेशचा मित्र प्रितेश पाच किलोचा काळा केक सांगून गेला. नाव चिठ्ठीवर होतं. केकवर लावायची चॉकलेटची पाटी आधीच करून ठेवावी म्हणून मी आपली कामाच्या नादात तिच्यावर क्रीमने लिहीत गेले, आणि 'भाई' लिहून झाल्यावर वाचलं, 'दीपेशभाई'. माझाच दीपेश! मी घरी अननसाचा केक करणार होते रे त्याला. हातातला कोन तसाच टाकून घरी पळाले. त्याच्या गादीखाली शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला कोयता निघाला. मध्यंतरी एसटी स्टँडवर त्याला काही पोरांनी कानफटवलं होतं म्हणे, त्याचा व्हिडिओ गावभर फिरला, आणि मला पत्ताच नाही. (हे उरणला ड्यूटीवर. त्यांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.)

फोन करावा तर पोराला पोलीस नेतील, न करावा तर त्याला कुणीतरी मारून टाकेल. मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं आणि मॅडमना फोन केला. आणि काय सांगू, जी माणसं कधी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीशी धड बोलली नाहीत, ती सगळी एकदम आली. साहेब साध्या कपड्यांत, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. कोयता घेतला, पण पोराला ओरडले नाहीत. हजेरीचं मी बघतो, हेडमास्तर म्हणाले. डॉक्टर त्याच्याशेजारी नुसते बसून राहिले. त्याला कानफटवणाऱ्या पोरांच्या घरीही मॅडम जाऊन आल्या. या वेळी मात्र कुणी कुणावर ढकललं नाही. दीपेशने मान वर केली नाही. बाकी पोरगा आपला गरीब आहे, झुरळसुद्धा मारत नाही. वहिनीला नमस्कार, काळजी करू नये.

तुझी,
शशी

ता. क. : हे पत्र केकच्या खोक्यात पुठ्ठ्याखाली ठेवलंय, आणि खोकं आणणारा दीपेशच आहे. मॅडम म्हणाल्या, त्याला काही दिवस पनवेलबाहेर, तो ऐकेल अशा माणसाकडे ठेवा, मी येऊन त्याच्याशी बोलत जाईन. पण त्याला विश्वासात घेऊन पाठवा, असंही म्हणाल्या. मी विचारलं तर कुठेच जाणार नाही म्हणाला, म्हणून थाप मारली की आज तिथीने मामाचा वाढदिवस आहे. तेव्हा आज तुझा वाढदिवस आहे. वहिनीला ओवाळायला सांग. शेवटची एसटी निघून गेली की मगच त्याला सगळं सांग, आणि दादा, पाया पडते, त्याला ठेवून घे. आज त्याचाही वाढदिवस आहे.

ता. क. २ : त्याला कुणी मारेल याची भीती वाटते, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. तुला म्हणून खरं सांगते, तो कुणाला मारेल याचीच जास्त वाटते. वहिनीची मासळीची विळी आणि तुझा कोयता हे पत्र खाली ठेवायच्या आत कुलपात घाल.