नानांचे बत्तीस दात

देवपूर, धुळे
शुक्रवार

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या पितांबरचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकूनच).

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा असल्याचं मागच्या खेपेला कळलं होतं. म्हैस दुधावर आली का? हितेंद्रला आणि सूनबाई मृणालीला आशीर्वाद. मुक्ताईनगरला आमच्यापेक्षा जास्तच तापत असेल, तेव्हा दुपारचं बाहेर पडू नकोस. आता मुद्द्याचं. आपल्या घरात गेल्या रविवारी जे घडलं ते तुला कुणी अर्धवट सांगायच्या आत मीच सविस्तर लिहितो, कारण त्याचं सगळं श्रेय माझ्याकडे येतं, आणि आपल्या लोकांना दुसऱ्याचं श्रेय सांगताना मधलं मधलं विसरायची सवय आहे.

तर मी नवा फोन घेतला. साधासुधा नाही, त्या कंपनीचा सगळ्यात वरचा. त्याच्या वर आता फक्त पुढच्या वर्षीचा. तू म्हणशील, एस.टी.त तीस वर्षं कंट्रोलर होतास, भोंग्यावरून गाड्या पुकारल्यास, तुला कशाला असला फोन? तुझी भावजय कोकिळाही हेच म्हणाली (फक्त ती तीन दिवस म्हणत होती). पेटी उघडली तर आत चार्जर नाही. मी पेटी उलटी करून आपटली. दुकानदार शांतपणे म्हणाला, काका, हल्ली देत नाहीत. म्हणजे नवरदेव आला आणि घोडी आपण आणायची! वजन असं की सदऱ्याच्या खिशात ठेवला की मी डावीकडे झुकून चालतो. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी काळजीने विचारलं, पितांबरभाऊ, छातीत दुखतंय का? पण अक्का, दूरचं काय दिसतं त्यात! आमच्या गच्चीवरून मी हमरस्त्यावरच्या गाडीची पाटी वाचली. शिरपूर, विनाथांबा, बारा मिनिटं उशिरा. मी गच्चीवरूनच पुकारली. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

गेल्या शनिवारी नानांचा शहाऐंशीवा वाढदिवस होता. मुलाच्या हक्काने त्यांना अंगणात खुर्चीवर बसवून मी फोटो काढला. आता नाना आणि काकांच्या भांडणाबद्दल तुला ठाऊक आहेच, पण हे पत्र तू मृणालीकडून वाचून घेशील आणि ती तेव्हा या घरात नव्हती, म्हणून थोडक्यात सांगतो. सूनबाई, नऊ वर्षांपूर्वी शेतात भरीत पार्टी होती. नानांनी स्वतः कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली, सगळं केलं. पहिला घास घेऊन प्रेमराजकाका, नानांचे सख्खे धाकटे भाऊ, चाळीस पाहुण्यांसमोर म्हणाले की यंदा भरीत जरा अळणी आहे. एवढंच. नाना ताटावरून उठले. तेव्हापासून नाना धुळ्यात गप्प, काका जळगावला मेहरूणमध्ये गप्प. तानुकाकू कितीदा मध्ये पडल्या, पण काकांचं एकच, आधी त्याचा चेहरा हसरा होऊ दे, मग मी येतो. आणि नानांनी तर त्या दिवसापासून हसणंच सोडलं. मागच्या वर्षी शेवटचा दात पडल्यावर तोंड उघडायचं उरलंसुरलं कारणही गेलं.

फोटो काढल्यावर फोनने मला काहीतरी विचारलं. त्या दिवशी सकाळपासून त्याने मला सतरा गोष्टी विचारल्या होत्या आणि मी सगळ्यांना हो म्हटलं होतं, तसं याही वेळी म्हटलं. फोटो तसाच घरच्या ग्रुपवर धाडला. आपल्या ग्रुपवर ब्याण्णव माणसं आहेत. (तुझ्याकडे बटणांचा फोन, म्हणून तू वाचलीस.) पाच मिनिटांत नरडाण्याहून योगराजचा फोन, नानांनी कवळी कुठे बसवली? मग शहाद्याहून, मग सुरतेहून. तेव्हा मी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. अक्का, नाना हसत होते! नुसते नाही, दिलखुलास, आणि तोंडात वरपासून खालपर्यंत शुभ्र दात. कोकिळा मोजायला लागली. बत्तीस नसतील, पण वाटत तेवढेच होते. फोनने मला विचारलं होतं की चेहरा सुधारू का, आणि मी घराच्या वतीने होकार दिला होता.

कोकिळा म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढा तो फोटो. मी काढणारच होतो, पण तेवढ्यात खाली प्रेमराजकाकांचं नाव उमटलं. नऊ वर्षांत गुलाबाच्या फुलांखेरीज त्या माणसाने ग्रुपवर काही टाकलं नव्हतं. आता त्यांनी दोन हात जोडले होते. ते जोडलेले हात पुसायची माझी हिंमत झाली नाही. नानांना मात्र मी काही सांगितलं नाही. (हिंमत तिथेही झाली नाही.)

रविवारी सकाळी साडेनऊला दार वाजलं. दारात काका. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात पिशवीभर भरताची वांगी. एकटे जळगावहून गाडीत बसून आलेले. माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ आत गेले आणि नानांसमोर उभे राहिले. नाना पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं. काका वाकून वाकून त्या तोंडाकडे बघतायत. शहाऐंशी वर्षांचा माणूस एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला घरातून घालवून देतो तेव्हा मधल्या साठ वर्षांच्या माणसाने कुठे उभं राहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

काका म्हणाले, "भाऊ, तू हासना, म्हनीसन मी उनू." म्हणजे फोटोतलं ते हसू बघून ते आले होते.

नाना म्हणाले, "मी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

मग काय करतो? फोन काढून त्यांच्यापुढे धरला. नानांनी तो दोन्ही हातांत घेतला, लांब धरला, जवळ आणला, आणि एका हाताने आपलं तोंड चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "पितांबर, हाई दात कोना शेतस रे?"

काका आधी फुटले. पिशवी खाली पडली, वांगी फरशीवर घरंगळली, आणि ते भिंतीला धरून हसायला लागले. नानांनी काही वेळ ओठ आवळून धरले, पण त्यांच्या पोटाचं हलणं मला सदऱ्यावरून दिसत होतं. शेवटी सुटलंच. बोळक्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग काकांना म्हणाले, "बठ. जेवीसन जा."

दुपारी भरीत झालं. पऱ्हाटी शेजाऱ्यांकडून मागून आणली, वांगी नानांनीच भाजली. काकांनी पहिला घास घेतला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. (मी आधी चाखलं होतं. मीठ कमीच होतं.) काका सावकाश चावत राहिले, मग ताट पुढे करून म्हणाले, अजून वाढ. नानांनी स्वतः वाढलं, दोनदा. तेव्हा अक्का, तानुकाकूंना जे नऊ वर्षांत जमलं नाही, ते माझ्या फोनने वीस तासांत केलं. यापुढे कुणी मला फोन कशाला घेतला म्हणून विचारू नये. कोकिळेने विचारणं सोडलं आहे.

तुझा आज्ञाधारक (आणि सध्या घरात ज्याचं ऐकलं जातं असा) भाऊ,
पितांबर

ता.क. एवढा फोन असून पत्र का लिहिलं, असं मृणाली विचारील. फोन नानांकडे आहे. काका जळगावला परतल्यापासून सकाळी दोन तास आणि दुपारी तीन तास दोघे भाऊ त्यात एकमेकांना तोंडं दाखवत बसतात. बोलत फारसं नाहीत. काका झाडांना पाणी घालतात ते नाना बघतात, नाना चहा पितात ते काका बघतात.

दुसरा ता.क. काल मी जरा मागितला. नाना म्हणाले, तुझं काय काम आहे? योगराजने येऊन त्यात नानांचा चेहरा भरून दिला आहे आणि माझा काढून टाकला आहे. फोन आता माझ्याकडे बघून ओळख पटली नाही म्हणतो.

तिसरा ता.क. हितेंद्रचा जुना फोन कपाटात पडून असेल तर येत्या एस.टी.ने कंडक्टरच्या हाती दे, माझं नाव सांग, ओळखतील. काच तडकलेली असली तरी चालेल. फोटो निघत नसतील तर फारच उत्तम.